बोअरचे पाणी, कुंडीतील मातीचा सामू आणि घरातील झाडांची पिवळी पालवी (सांगली)

विश्रामबागची_खिडकी (प्रश्न)

नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबाग परिसरात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात पीस लिली, अँथुरियम, अरेका पाम, स्पायडर प्लांट, काही नेचे आणि पूर्वेच्या खिडकीत अनंताची एक मोठी कुंडी आहे. अलीकडे अनंत आणि अँथुरियम यांची नवी पाने फिकट पिवळी निघतात, मात्र त्यांच्या शिरा हिरव्याच राहतात. स्पायडर प्लांट आणि पीस लिली यांच्या पानांची टोके करपतात. मातीच्या कुंड्यांवर बाहेरून पांढरा थर चढतो आणि तो घासून काढला तरी पुन्हा येतो. स्नेक प्लांट आणि मनीप्लांट मात्र याच घरात, याच पाण्यावर ठणठणीत आहेत.

महापालिकेचे पाणी सकाळी ठरावीक वेळ येते आणि ते आम्ही पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी भरून ठेवतो. बाकी वापरासाठी इमारतीच्या बोअरचे पाणी आहे आणि ते सॉफ्टनरमधून येते. झाडांनाही तेच घालतो. टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणाऱ्या मीटरवर, बोअरच्या पाण्याचा आकडा ९४० च्या आसपास आणि नळाच्या पाण्याचा २४० च्या आसपास येतो. सामू (पीएच) मात्र पट्टीवर दोन्हींचा साधारण ७.५ ते ८ दिसतो, त्यामुळे सामू सारखाच असेल तर पाणी बदलून काय साधणार, असा प्रश्न पडला आहे. कुंड्यांत पलूसकडील आमच्या शेतातील काळी माती, शेणखत आणि थोडी वाळू आहे.

आतापर्यंत मिळालेले सल्ले असे: पाण्यात व्हिनेगर घालावे, मातीत गंधक मिसळावे, जिप्सम टाकावे, आणि सॉफ्टनरचे पाणी मऊ असल्यामुळे ते झाडांना उत्तमच असते. यांपैकी कोणता सल्ला खरा मानावा? जाणकारांनी कारणांसह सांगितल्यास आभारी होईन.

प्रयोगनळी_मिरज

ताई, माझी नोकरी माती आणि पाण्याच्या तपासणीत गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कुंडीतील मातीचा सामू दीर्घकाळात पाण्याच्या सामूवरून ठरत नाही. तो पाण्याच्या अल्कलिनिटीवरून ठरतो, म्हणजे पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट किती आम्ल पचवू शकते यावरून. सामू ही त्या क्षणाची पातळी आहे, अल्कलिनिटी हा साठा आहे. कोयनेचा जलाशय आणि एखादे शेततळे यांची पातळी योगायोगाने एकाच उंचीवर असू शकेल, पण उपसा सुरू झाल्यावर आधी काय आटेल हे सांगायला नको. आपल्या दोन पाण्यांचे तसेच आहे. पट्टीवर दोन्ही सारखी दिसतात, पण त्यांत थेंबथेंब आम्ल घालत गेलात तर नळाच्या पाण्याचा सामू लवकर खाली येईल आणि बोअरचे पाणी बराच काळ जागचे हलणार नाही. झाडाची मुळेही स्वतःभोवती सतत थोडे आम्ल सोडत असतात आणि त्यावरच लोह, जस्त, मँगनीज यांसारखी अन्नद्रव्ये विरघळवून घेत असतात. आठवड्यातून दोनदा येणारे बायकार्बोनेट हे आम्ल खाऊन टाकते.

हे बायकार्बोनेट येते कोठून? आपल्या जिल्ह्याखाली बेसॉल्ट खडक आहे. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तेथील कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आम्लधर्मी होते, खडकातील खनिजांतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवते आणि बायकार्बोनेट घेऊन बोअरमध्ये उतरते. कृष्णेच्या पाण्याचा मोठा वाटा सह्याद्रीवरील पावसाचा असल्यामुळे आणि तो जमिनीखाली इतका काळ न राहिल्यामुळे नळाचे पाणी तुलनेने हलके असते.

आता क्षारांचा हिशेब पाहा. एका मध्यम कुंडीला आठवड्याला ३०० मिलिलिटर पाणी लागते असे धरले, तर ९४० मिलिग्रॅम प्रतिलिटर टीडीएसच्या पाण्यातून वर्षाला १४ ग्रॅमहून अधिक क्षार त्या कुंडीत येतात. पाणी पानांतून आणि मातीवरून उडून जाते, क्षार मागे राहतात. अंगणातील कुंडीला निदान जून ते सप्टेंबर पावसाची धुणी मिळते. दिवाणखान्यातील कुंडीला ती कधीच मिळत नाही, उलट ताटलीत उतरलेले पाणीही माती पुन्हा वर शोषून घेते. पांढरा थर हा त्याच क्षारांचा आहे आणि पानांची करपलेली टोके हाही त्याचाच परिणाम आहे, कारण पाण्याबरोबर वर चढलेले क्षार पानाच्या टोकाशी साचतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, सन २०१२) टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० असून दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, म्हणून ९४० हा आकडा माणसाला घाबरवणारा नाही. सिंचनाच्या जुन्या अमेरिकी वर्गवारीत मात्र ०.७५ ते २.२५ डेसिसायमन प्रतिमीटर विद्युतवाहकतेचे (क्षार जितके जास्त तितकी ती जास्त) पाणी अधिक क्षारयुक्त गणले जाते आणि आपले पाणी सुमारे १.५ वर, म्हणजे त्या पट्ट्याच्या मधोमध आहे.

नव्या पानांचे पिवळेपण हे लोहाच्या कमतरतेचे ठळक लक्षण आहे. काळ्या मातीत लोह भरपूर असते, पण हवेशीर मातीत ते ज्या रूपात असते त्याची विद्राव्यता सामू एका एककाने वाढला की सुमारे हजारपटीने घटते. लोह झाडाच्या आत जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहज सरकत नाही, म्हणून फटका पालवीला बसतो. हेच पिवळेपण खालच्या, जुन्या पानांवर शिरांच्या मधे दिसले असते तर मी मॅग्नेशियमकडे बोट दाखवले असते, आणि जुने पान सरसकट पिवळे पडले असते तर नत्राकडे. स्नेक प्लांट पाणी फारच कमी पिते आणि काटक असते, त्यामुळे त्याच्या तब्येतीवरून पाण्याची परीक्षा करू नये.

सॉफ्टनरबद्दल अधिक स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे, कारण फ्लॅटमध्ये हा गैरसमज सर्वत्र आहे. मिठावर चालणारा सॉफ्टनर पाण्यातील क्षार काढत नाही, तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतो. म्हणून टीडीएसचा आकडा जवळपास तसाच राहतो. ४०० मिलिग्रॅम कठीणपणा काढला की लिटरमागे सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते. बायकार्बोनेट आहे तेवढेच राहते, फक्त त्याचा जोडीदार बदलतो. असे पाणी साबणाला आणि गिझरला चांगले, पण मातीला कच्च्या बोअरच्या पाण्यापेक्षाही वाईट, कारण सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, माती चिवट होते आणि निचरा बसतो. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतील नदीकाठच्या चोपण (सोडियममुळे बिघडलेल्या) जमिनी आपण पाहिल्या असतील. आपल्या कुंडीत त्याचीच लहान आवृत्ती तयार होत आहे.

गंधक आणि जिप्सम यांचा निर्णय करण्यापूर्वी एक सोपी चाचणी करा. शेतातील कोरड्या मातीचा चमचाभर चुरा घेऊन त्यावर व्हिनेगर टाका. फसफसली तर मातीत चुनखडी आहे. गंधक मातीतील जिवाणूंमुळे हळूहळू सल्फ्युरिक आम्लात बदलते हे खरे, पण १०० ग्रॅम चुनखडी संपवण्यासाठी ३२ ग्रॅम गंधक लागते. मातीत चुनखडी ५ टक्के असेल, तर किलोभर मातीला केवळ ती चुनखडी संपेपर्यंत १६ ग्रॅम गंधक हवे, आणि त्यातून तयार होणारे क्षार कुंडीतच राहणार. शेतात जे परवडत नाही ते कुंडीत शहाणपणाचे कसे ठरेल? जिप्सम सोडियमला हुसकावते, म्हणून चोपण जमिनीवर त्याचा उपयोग आहे. चुनखडीमुळे वाढलेला सामू जिप्समने खाली येत नाही.

कृपया सॉफ्टनरच्या आधीचे, सॉफ्टनरनंतरचे आणि नळाचे अशी तीन पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि अल्कलिनिटी, एकूण कठीणपणा व सोडियम हे तीन आकडे आवर्जून मागा. नुसता सामू आणि टीडीएस लिहून दिलेला अहवाल या कामासाठी अपुरा आहे.

द्राक्षबाग_तासगाव

सरांनी मुळावरच बोट ठेवले आहे. आम्हा बागायतदारांना पाण्याचा अहवाल आणि देठ परीक्षण (पानाच्या देठातील अन्नद्रव्यांची तपासणी) केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. क्षारांच्या त्रासामुळेच आमच्याकडे बागा डॉगरिज या क्षार सोसणाऱ्या खुंटावर उभ्या राहिल्या. कुंडीतील अँथुरियमला खुंट बदलून देता येत नाही, त्यामुळे पाणी आणि माती यांकडेच पाहावे लागेल.

व्हिनेगरविषयी माझे मत सरळ आहे: ते घालू नये. व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्ल बायकार्बोनेटला मारते आणि त्या दिवशी सामू उतरलेला दिसतो. मात्र त्यातून तयार झालेले ॲसिटेट मातीतील जिवाणू खातात आणि शेवटी बायकार्बोनेट पुन्हा तयार होते. लिंबाचा रस आणि सायट्रिक आम्ल यांचीही थोडीफार हीच गोष्ट आहे. टिकाऊ परिणाम हवा असेल तर खनिज आम्ल लागते. आम्ही ठिबकच्या पाण्यात फॉस्फोरिक आम्ल वापरतो. घरी दहा लिटरला काही मिलिलिटर पुरेल, असे मला वाटते.

लोहासाठी दुकानात हिराकस (फेरस सल्फेट) मागू नका. विम्लधर्मी मातीत त्यातील लोह पाहता पाहता गंजाच्या रूपात बसते, शिवाय घरातील फरशीवर पडलेले डाग निघत नाहीत. चिलेटेड लोह, म्हणजे विरघळलेले राहावे म्हणून दुसऱ्या रेणूने (चिलेटने) धरून ठेवलेले लोह, घ्यावे आणि घेताना पाकिटावर चिलेट कोणते आहे ते वाचावे. आपल्याकडे सहज मिळणारे ईडीटीए सामू साडेसहाच्या वर गेला की लोह सोडून देते, डीटीपीए साधारण सात-साडेसातपर्यंत टिकते आणि आपल्या काळ्या मातीत भरवशाचे फक्त ईडीडीएचए. ते महाग असते आणि पाण्यात गडद लाल रंग देते. लिटरभर पाण्यात पाव ग्रॅमच्या आसपास घेऊन मुळाशी घातले, तर पुढची पालवी हिरवी निघाली पाहिजे. आधीच पिवळे पडलेले जून पान पूर्ववत होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

विद्राव्य खतांचाही सामूवर परिणाम होतो, याकडे घरगुती बागकाम करणारे लक्ष देत नाहीत. अमोनियमरूपातील नत्र माती आम्लतेकडे नेते, नायट्रेटरूपातील नत्र उलट दिशेने. १२:६१:० (हे आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांचे) आणि अमोनियम सल्फेट ही पहिल्या गटातली, तर कॅल्शियम नायट्रेट आणि १३:०:४५ दुसऱ्या. १९:१९:१९ मध्ये युरिया आणि अमोनियम असल्यामुळे ते सौम्यपणे आम्लतेकडे झुकते आणि आपल्या पाण्याला ते बरे. प्रमाण मात्र शेताचे धरू नये. लिटरला अर्धा ग्रॅम, तेही वाढ चालू असताना.

कास_रस्ता_सातारा

आमची परिस्थिती याच्या अगदी उलट आहे, आणि हा धागा वाचून साताऱ्यातील कोणी आम्ल विकत आणू नये म्हणून लिहितो.

सातारा शहराच्या काही भागाला कास तलावाचे पाणी मिळते. कासचे पठार जांभ्या खडकाचे आहे, पाऊस मुबलक आहे आणि त्या पाण्यात विरघळलेले क्षार फारच कमी असतात. महाबळेश्वरच्या बाजूची लाल मातीही आम्लधर्मी आहे, म्हणून तेथे स्ट्रॉबेरी मानवते. अशा हलक्या पाण्याला आणि कोकोपीटच्या मिश्रणाला नियमित अमोनियमयुक्त खत मिळाले, तर सामू वर चढण्याऐवजी खाली घसरत जातो. माझ्याकडील एका कुंडीत तो पाचच्या खाली गेला होता. त्या अवस्थेत मँगनीज गरजेपेक्षा अधिक विरघळते, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमी पडते, नवी पाने वेडीवाकडी निघतात. तेथे उपाय आम्लाचा नसून मिश्रणात थोडा डोलोमाइटचा (मॅग्नेशियमयुक्त चुनखडीचा) भुगा घालण्याचा आहे. आरओचे शुद्ध पाणी किंवा पावसाचे पाणी एकट्यानेच वापरणाऱ्या सांगलीकरांनाही हेच लागू पडेल. ज्या पाण्यात काहीच नाही, ते कोणत्याही बाजूला सहज ढळते.

आणखी एक सूचना. ‘महाबळेश्वरची लाल माती’ म्हणून पिशव्या विकल्या जातात, पण लाल रंग म्हणजे आम्लधर्मी माती असे समीकरण नाही. विटांच्या चुऱ्याने रंगवलेली मातीही लालच असते. घेतल्यावर सामू तपासावा. आणि कृपा करून कोणीही कासच्या पठारावरून माती उचलून आणू नये. तो सगळा थर काही सेंटीमीटरचा आहे, त्यावरची फुले त्याच्याच जोरावर उगवतात, आणि २०१२ पासून तो परिसर जागतिक वारशाच्या यादीत आहे.

प्रयोगनळी_मिरज

तासगावकरांच्या व्हिनेगरविषयीच्या म्हणण्याशी पूर्ण सहमत आहे, पण फॉस्फोरिक आम्लाच्या सल्ल्याशी नाही. ठिबकमध्ये ते अधूनमधून, नळ्या साफ करण्यासाठी किंवा स्फुरद देण्यासाठी जाते. प्रत्येक पाण्यात अल्कलिनिटी मारण्यासाठी वापरले तर हिशेब बिघडतो. अल्कलिनिटी ३४० वरून १०० वर आणायची म्हटली तर लिटरमागे ४.८ मिलिसममूल्य (५० मिलिग्रॅम अल्कलिनिटी म्हणजे एक मिलिसममूल्य) आम्ल लागते. तेवढे फॉस्फोरिक आम्लातून दिले तर त्याबरोबर लिटरला सुमारे १५० मिलिग्रॅम स्फुरद जाते, जे घरातील पानांच्या झाडांच्या गरजेच्या कितीतरी पट आहे. जास्तीचे स्फुरद लोह आणि जस्ताला बांधून टाकते, म्हणजे ज्या रोगासाठी औषध दिले तोच रोग वाढतो. या कामाला योग्य खनिज आम्ल सल्फ्युरिक आहे, आणि ते मुलाबाळांच्या घरात, स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ ठेवावे असे मी कोणालाही सांगणार नाही.

विश्रामबागची_खिडकी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेतातील मातीवर व्हिनेगर टाकले तेव्हा ती चांगलीच फसफसली. पाण्याचे अहवालही आले आहेत. सॉफ्टनरच्या आधी बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी ३४० आणि कठीणपणा ४२० आहे. सॉफ्टनरनंतर अल्कलिनिटी ३४० च आहे, कठीणपणा मात्र ४० वर आला आहे. नळाच्या पाण्यात अल्कलिनिटी १३० आणि कठीणपणा १४० आहे. सगळे आकडे मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने दिलेले आहेत.

याच प्रयोगशाळेत सांगितलेल्या पद्धतीने कुंडीतील निचऱ्याचे पाणीही तपासले. कुंडीला नेहमीप्रमाणे पाणी घालून तासाभराने वरून थोडे डिस्टिल्ड पाणी ओतले आणि खाली उतरलेले पाणी गोळा केले. अनंताच्या कुंडीतील त्या पाण्याचा सामू ८.१ आणि विद्युतवाहकता ३.८ आली. आता नेमके काय करावे? घरात आरओ आहे, त्याला नळाचे पाणी जोडलेले आहे, आणि त्यातून वाया जाणारे पाणी झाडांना घालावे असे घरातील ज्येष्ठ मंडळींचे म्हणणे आहे. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, त्याचे काय?

प्रयोगनळी_मिरज

अहवाल उत्तम आहे आणि त्यात सगळे उत्तर आहे. सॉफ्टनरनंतरच्या पाण्यात अल्कलिनिटी ६.८ मिलिसममूल्य आणि कठीणपणा केवळ ०.८. या दोहोंतील फरक ६ येतो. सिंचनात या फरकाला अवशिष्ट सोडियम कार्बोनेट म्हणतात आणि तो २.५ च्या वर गेला की पाणी सिंचनास अयोग्य मानले जाते. सॉफ्टनरच्या आधी हाच फरक शून्याच्या खाली आहे. म्हणजे कच्चे बोअरचे पाणी जड आहे, पण मातीची रचना मोडणारे नाही, आणि सॉफ्टनरने ते तसे बनवले. काटक झाडांना बोअरचेच पाणी द्यायचे झाले तर इमारतीच्या प्लंबरला सांगून सॉफ्टनरच्या आधी एक नळ काढून घ्यावा. बहुतेक सॉफ्टनरना बायपास असतो.

अनंत, अँथुरियम, नेचे आणि पीस लिली यांच्यासाठी मात्र नळाचे पाणीच घ्यावे. १३० अल्कलिनिटी लहान कुंडीसाठी किंचित जास्त आहे, तरी हाताळता येण्यासारखी आहे. दोन भाग नळाचे आणि एक भाग आरओचे पिण्याचे पाणी मिसळले तर अल्कलिनिटी ९० च्या आसपास येते, कॅल्शियम-मॅग्नेशियमही पुरेसे राहते आणि साताराकरांनी सांगितलेला घसरण्याचा धोका टळतो. त्यात तासगावकरांनी सांगितलेले १९:१९:१९ अधूनमधून दिले, तर कोणतेही आम्ल विकत आणावे लागणार नाही. घरातील सगळ्या झाडांना मिळून लागणारे पाणी आठवड्याला एखाद-दोन बादल्यांपलीकडे जात नाही, त्यामुळे एवढे नळाचे पाणी बाजूला काढणे कोणत्याही घराला शक्य आहे.

क्लोरीनची चिंता करू नये. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलेल्या पाण्यात नळाशी पोहोचेपर्यंत लिटरमागे मिलिग्रॅमचा काही अंशच शिल्लक राहतो आणि मानकात किमान ०.२ असावे असेच म्हटले आहे. एवढ्याने झाडांना अपाय होत नाही. समाधानासाठी पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवले तर तेही बरेचसे निघून जाते. पाणी उकळल्याने कॅल्शियमचे बायकार्बोनेट खाली बसते, पण सॉफ्टनरच्या पाण्यातील सोडियमचे बायकार्बोनेट उकळून जात नाही, म्हणून त्यात गॅस घालवू नये.

गच्चीवरची_तुळस

आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याविषयी मी लिहिते. त्यावर सरसकट बंदी किंवा सरसकट परवानगी या दोन्ही गोष्टी चुकीच्या वाटतात. घरगुती आरओ आत गेलेल्या पाण्यापैकी साधारण तिसरा हिस्सा पिण्यासाठी देतो असे धरले, तर उरलेल्या पाण्यातील क्षार दीडपट होतात. ताईंच्या आरओला नळाचे पाणी असल्यामुळे तो आकडा साडेतीनशेच्या आसपास येईल. हे पाणी गॅलरीतील तुळस, कोरफड, जास्वंद यांना खुशाल घालावे आणि ज्येष्ठांचा मान राखावा. बोअरच्या पाण्यावर आरओ चालत असेल तर मात्र तोच आकडा १४०० च्या घरात जातो, ते फरशी पुसायलाच वापरावे. एसीचे साचलेले पाणीही हलके असते आणि मिसळण्यासाठी चालते. पावसाचे पाणी साठवणाऱ्यांनी पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे आणि पिंपाचे तोंड जाड कापडाने घट्ट बांधावे, नाहीतर झाडांआधी डेंग्यूचे डास पोसले जातात.

द्राक्षबाग_तासगाव

फॉस्फोरिक आम्लाचा सरांचा हिशेब मला पटला. बागेत मुळे खोल जातात आणि पावसाळ्यात क्षार धुऊन जातात, म्हणून आमचे निभते. घरातील कुंडीत ती मोकळीक नाही.

माती मात्र बदलावीच लागेल. फसफसणाऱ्या मातीत अनंत लावून पाणी कितीही चांगले घातले तरी ती माती आतून सामू आठच्या आसपास धरून ठेवणार. शिवाय भारी काळी माती कुंडीत ओली असताना चिकटते आणि वाळली की कडेने भेगा पडून पाणी भेगांतूनच खाली जाते. आपल्याला निम्मे कोकोपीट, पाव भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि पाव भाग भाताचे तूस किंवा परलाइट असे मिश्रण सुचवतो. चुलीची राख मात्र अजिबात घालू नका, ती तीव्र विम्लधर्मी असते.

विश्रामबागची_खिडकी

कोकोपीटचा सामू किती असतो? आणि माती बदलण्याआधी कुंड्या नुसत्या धुऊन पाहाव्यात का?

प्रयोगनळी_मिरज

कोकोपीटचा सामू साधारण ५.५ ते ६.५ असतो, म्हणजे आपल्या झाडांना हवा तसाच. त्यात मूळचे सोडियम आणि पोटॅशियम मात्र बरेच असू शकते. वीट फुगवून घेतल्यावर नळाच्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून पिळावी आणि शेवटच्या पाण्यावर टीडीएस मीटर धरावा. नळाच्या पाण्याच्या आकड्यापेक्षा तो फार वर नसेल तर कोकोपीट वापरण्यास तयार आहे. सॉफ्टनरच्या पाण्यात ते धुऊ नये, कारण कोकोपीट सोडियम धरून ठेवते.

कुंडी धुण्याविषयी: अरेका पाम आणि स्पायडर प्लांट यांच्यासाठी आधी तेवढे करून पाहण्यास हरकत नाही. कुंडी बाथरूममध्ये न्यावी, तिच्या आकारमानाच्या दुप्पट नळाचे पाणी एकदम न ओतता थांबून थांबून घालावे आणि सगळे निथळू द्यावे. आठवड्याने पुन्हा निचऱ्याचे पाणी तपासावे. विद्युतवाहकता २ च्या खाली आली तर त्या कुंडीची माती लगेच बदलण्याची निकड नाही, पुढे दर दोन-तीन महिन्यांनी अशीच धुणी द्यावी आणि ताटलीतील पाणी प्रत्येक वेळी ओतून द्यावे. पाणी वरच साचून राहिले आणि खाली उतरेचना, तर सोडियमने माती बंद केली आहे असे समजावे. तेथे धुण्याचा उपयोग नाही, कुंडी रिकामी करून नवे मिश्रण भरावे.

अनंत आणि अँथुरियम यांना मात्र थेट नव्या मिश्रणात हलवावे, कारण त्यांच्या बाबतीत अडचण क्षारांची जेवढी आहे तेवढीच चुनखडीचीही आहे. मुळांभोवतीची जुनी माती शक्य तेवढी हलक्या हाताने सोडवून घ्यावी. त्यानंतर एकदाच ईडीडीएचए लोह द्यावे आणि खत नवी पालवी दिसेपर्यंत थांबवावे. दोन धातूच्या काड्या मातीत खुपसायचे जे स्वस्त मीटर मिळतात, त्यांवर यातील कोणताही निर्णय घेऊ नये. ते ओलाव्यानुसार आकडा बदलतात. मीटर घ्यायचाच असेल तर पाण्यात बुडवायचा आणि ४ व ७ सामूच्या द्रावणांनी जुळवता येणारा घ्यावा, आणि मोजायचे असेल तेव्हा मातीऐवजी निचऱ्याचे पाणी मोजावे.

विश्रामबागची_खिडकी

समजले. या रविवारी अनंत आणि अँथुरियम हलवते, बाकीच्या कुंड्या धुऊन घेते आणि शेतातून आणलेली उरलेली माती गॅलरीतील जास्वंदीला देते. सॉफ्टनरच्या आधी नळ काढण्याचा विषय सोसायटीच्या बैठकीत मांडावा लागेल. निचऱ्याच्या पाण्याचे पुढचे आकडे आले की येथेच लिहीन.